न्हाणीतला चुना

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. पहाटेचा गारठा, तेलाचा वास, उटण्याचा खरखरीतपणा, पायाखाली फुटणारे कारीट आणि आपली आंघोळ उरकण्याच्या आत शेजारच्या पोराने उडवलेला पहिला फटाका, यांवाचून दिवाळी अंक पुरा होत नाही. परंतु ही आंघोळ ज्या जागी होते ती जागा आदल्या संध्याकाळी कोणीतरी गुडघे टेकून घासलेली असते. त्या घासण्याविषयी मात्र आपले वाङ्मय मुके आहे. बखरकारांनी लढाया लिहिल्या, शाहिरांनी पोवाडे रचले. न्हाणी कोणी घासली हे कोणी टिपून ठेवले नाही. तेव्हा या पहाटेच्या निमित्ताने न्हाणीघराच्या स्वच्छतेचाच इतिहास थोडा चाळावा, असा विचार आहे. विषय मोरीतला आहे म्हणून नाक मुरडू नये. मोरीतून पुष्कळ गोष्टी वाहून जातात, पण काही चिकटूनही राहतात, आणि इतिहासाला चिकटून राहिलेल्या गोष्टींचेच काम असते.

आमची अवसरी आंबेगाव तालुक्यातली, मंचरच्या शेजारची. अवसऱ्या दोन. एक बुद्रुक, एक खुर्द. फारसीतल्या 'बुजुर्ग'चे आपण बुद्रुक केले, म्हणजे थोरली. आणि खुर्द म्हणजे धाकटी. तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचे डोंगर. तिकडे पावसाळ्यात आभाळ फाटते. तेच ढग पूर्वेकडे येईतो रिते होत जातात, आणि अवसरीच्या वाट्याला जे येते ते बेताचे. शेतकऱ्याला याचा परिणाम पिकात दिसतो. घरच्या बाईला तो न्हाणीच्या भिंतीवर दिसतो. जिथे पाऊस थोडा आणि विहीर खोल, तिथे पाण्यात क्षार अधिक. बादलीच्या काठावर, नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या जाळीवर जो पांढरा, खरखरीत थर बसतो तो याच मातीचा आणि याच खडकाचा. काळ्या रानात नांगराला जे चुनखडीचे पांढरे खडे लागतात, त्यांचाच तो भाऊबंद.

न्हाणी हा शब्द जुना आहे. संस्कृतातल्या 'स्नाना'चे प्राकृतात 'ण्हाण' झाले, आणि तेच आपल्या तोंडी 'न्हाण' म्हणून राहिले. जागा तर शब्दाहूनही जुनी. मोहेंजोदडोचे ते मोठे स्नानकुंड सर्वांना ठाऊक असते: सुमारे 12 मीटर लांब, 7 मीटर रुंद, पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या मागे डांबराचा थर दिलेले. मला मात्र तिथल्या साध्या घरांतली न्हाणी अधिक मोलाची वाटते. घराच्या एका कोपऱ्यात पक्क्या विटांची चौकोनी फरशी, तिला एका बाजूला उतार, आणि उताराच्या टोकाशी गल्लीतल्या गटाराला मिळणारी मोरी. चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गवंड्याला एवढे कळत होते की न्हाणीची निम्मी स्वच्छता उतारात असते. आजही नव्या घरात फरशी बसवताना हा उतार चुकला, तर पुढची वीस वर्षे त्या घरातली बाई खराट्याने पाणी लोटत राहते.

आमच्या जवळचा पुरावा हवा असेल तर जुन्नरकडे पाहावे. तिथल्या डोंगरांत आणि नाणेघाटात सातवाहनांच्या काळी लेणी खोदली गेली, आणि लेण्यांबरोबर पाण्याची टाकीही. शिलालेखांत अशा टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. कोणा व्यापाऱ्याने, कोणा गृहस्थाने ती खोदवून दान दिली म्हणून त्याचे नाव कोरून ठेवले. दान देणाऱ्याचे नाव दोन हजार वर्षे टिकले. टाक्यातला गाळ दरसाल उपसणाऱ्याचे टिकले नाही.

आता जुन्या घरातली न्हाणी आठवू. परसदाराशी किंवा स्वयंपाकघराला लागून एक अंधारा कोपरा, त्यात काळ्या पाषाणाची घडीव शिळा, शेजारी चूल नाहीतर बंब, आणि तांब्याचे घंगाळ. पुण्याच्या तांबट आळीत ठोकलेले बंब आणि घंगाळी साऱ्या जिल्ह्यात गेली. न्हाणारा पाटावर बसे आणि तांब्याने अंगावर पाणी घेई. बसून न्हाण्याचा एक फायदा असा की पाणी भिंतीवर फार उडत नसे. भिंती मातीच्या किंवा चुन्याच्या असत, त्यांना तेच मानवे. मळ बसायचा तो शिळेवर आणि भांड्यांवर.

हा मळ दोन जातींचा असतो, आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली इथेच आहे. एक मळ तेलकट: अंगावरचे तेल, उटणे, घामाचा चिकटा. दुसरा मळ दगडी: पाण्यातला चुना. तेलकट मळाला राख लागते. लाकडाच्या राखेत क्षार असतो, तो तेलाला फोडतो आणि थोडाफार साबणच बनवतो. नारळाची शेंडी किंवा काथ्या घेऊन राखेने शिळा घासली की पाय घसरायचा थांबतो. पण घंगाळाच्या आतल्या कपारीला किंवा बंबाच्या पोटात जो पांढरा पापुद्रा धरतो त्याला राख जन्मभर घासली तरी ती काही करू शकत नाही. त्याला आंबट लागते. चिंचेचा कोळ, लिंबाची साल, उरलेले आंबट ताक. चिंचेने तांब्याचा काळसर, हिरवट डाग जातो म्हणून ती घेतली जाई. तिच्यासरशी चुनाही जाई. या बायांना रसायनशास्त्र कोणी शिकवले नव्हते. तेलाला राख आणि चुन्याला चिंच, ही दोन सूत्रे त्यांनी हातांनी शोधली होती. बंबातला पापुद्रा वाढला की पाणी उशिरा तापते आणि लाकूड जास्त लागते. ज्या बाईला सरपण डोक्यावरून आणावे लागे, तिला हा हिशेब कोणी समजावून सांगावा लागत नसे.

म्हणूनच नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी घंगाळे आणि हंडे चिंचेने लख्ख करून त्यांत पाणी भरून ठेवण्याची जी रीत आहे, ती मला सणातली फार समंजस रीत वाटते. कर्नाटकात आणि बेळगावाकडच्या सीमाभागात तर पाणी भरणे हाच त्या दिवसाचा सण. भांड्याला वेल गुंडाळायचा, हळदकुंकू लावायचे. पूजा भांड्याची आणि पाण्याची. परंतु पूजेआधी घासणे आलेच. सणाने घासण्याला मान दिला, असे म्हणावे तर घासणारीला दिला का, हा प्रश्न उरतोच. ज्या सुनेने संध्याकाळी न्हाणी घासली, तिची स्वतःची आंघोळ दुसऱ्या दिवशी सर्वांच्या शेवटी, कोमट उरलेल्या पाण्यात होई.

घरात वाहते पाणी आले ते आधी पुण्यात. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून शहरापर्यंत बंदिस्त नळ आणला गेला, आणि पेठापेठांतून हौद बांधले गेले. वाड्यातल्या माणसाच्या दारात पाणी आले, पण ते सर्वांसाठी नव्हते. 1868 साली महात्मा फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला आणि 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉक्टर आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, हे न्हाणीघराच्या इतिहासातून वगळता येत नाही. स्वच्छतेचा उपदेश ज्यांना सर्वांत जास्त ऐकवला गेला, त्यांनाच पाणी सर्वांत कमी मिळाले.

शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्याचे नाव या ओघात घ्यायलाच हवे, कारण शॉवरचे ते चुलतभावंड. कमळाच्या आकाराच्या त्या कारंज्यातून 196 धारा उडत. बारीक भोके, दाबाने येणारे पाणी, आणि पाण्यात खडकातून आलेला चुना, एवढे तीन जिथे एकत्र आले तिथे भोके बुजणार, हे ठरलेले. कारंज्याचे पाणी वर उडते आणि शॉवरचे खाली पडते, एवढाच काय तो फरक.

खरा शॉवर विलायतेचा. लंडनच्या विल्यम फीथम नावाच्या शेगड्या बनवणाऱ्या कारागिराने 1767 साली त्याचे पेटंट घेतले. हातपंपाने पाणी डोक्यावरच्या टाकीत चढवायचे आणि साखळी ओढून अंगावर सोडायचे. तेच पाणी पुन्हा वर चढवायचे. आपल्याकडच्या कोणाही आजीने हा शेवटचा भाग ऐकून कपाळाला हात लावला असता. पुढे 1872 च्या सुमारास फ्रान्समध्ये रूआँच्या तुरुंगातला डॉक्टर मेरी दलाबोस्त याने कैद्यांसाठी एकत्र शॉवर बसवले: थोडे पाणी, थोडा वेळ, आणि घाण पाणी लगेच खाली. तिथून ते पलटणींत शिरले. आज श्रीमंतीची खूण म्हणून दाखवली जाणारी ही वस्तू तुरुंगातून फिरून आलेली आहे, हे न्हाताना आठवले तर मौज वाटते.

मौज याहून मोठी आहे. ज्या 1767 साली लंडनमध्ये शॉवरचे पेटंट निघाले, त्याच साली त्याच लंडनमध्ये हेन्री कॅव्हेंडिश या शास्त्रज्ञाने शॉवरच्या वैऱ्याचा छडा लावला. रॅथबोन प्लेस नावाच्या रस्त्यावरच्या पंपाचे पाणी उकळले की तळाशी पांढरा साका बसे. कॅव्हेंडिशने दाखवले की ही चुनखडी पाण्यात विरघळून राहते ती त्यात मुरलेल्या एका हवेमुळे, जिला आपण आज कार्बन डायऑक्साइड म्हणतो. पावसाचे पाणी मातीतून जाताना ही हवा घेते, किंचित आंबट होते, आणि खडकातला चुना पोटात घालून विहिरीत उतरते. तापवले किंवा उघड्यावर शिंतडले की हवा उडून जाते आणि चुना मागे राहतो. म्हणून गीझरमध्ये थर जाड, शॉवरच्या भोकांत चिवट, आणि भिंतीवर उडालेल्या प्रत्येक थेंबाच्या जागी एक पांढरा ठिपका. 1841 साली थॉमस क्लार्क या स्कॉटिश प्राध्यापकाने अशा पाण्यात आणखी चुना घालून चुना काढण्याची कृती शोधली. चुन्याची निवळी त्या जास्तीच्या हवेला धरते, आणि मग दोन्ही चुने एकदमच खाली बसतात. काट्याने काटा काढतात तो असा.

अवसरीसारख्या गावात शॉवर पोचला तो मात्र दुष्काळाच्या वाटेने. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रातल्या उघड्या विहिरी आटल्या, आणि काळ्या खडकात खोल बोअर घेणारी यंत्रे गावोगाव फिरू लागली. त्या बोअरवर टिकेल असा हातपंप घडवण्यात आपल्या जालन्याच्या आणि सोलापूरच्या कारखान्यांचा मोठा वाटा होता. हातपंपामागून विजेची मोटर आली. 1975 साली गुजरातेतल्या कलोलच्या सिंटेक्सने प्लास्टिकच्या टाक्या काढल्या, आणि काही वर्षांत 'काळी टाकी' गच्चीगच्चीवर दिसू लागली. टाकी वर गेली की खाली दाब आला. दाब आला की शॉवर आला. 2009 साली अवसरी खुर्दला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. मग बाहेरगावची मुले-मुली आली, त्यांच्यासाठी खोल्या आल्या, आणि नव्या खोलीला टाइल लावलेली बाथरूम आलीच. न्हाणारा उभा राहिला. पाणी चारी भिंतींवर उडू लागले. पूर्वी एक शिळा घासावी लागे. आता चार भिंती, काच, नळ, जाळी. घासणारे हात मात्र पुष्कळ घरांत तेवढेच राहिले, आणि तेच राहिले.

थोडे गणित करू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची चांगली मर्यादा लिटरमागे 200 मिलिग्रॅम आहे, आणि दुसरे पाणीच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. आपण 300 धरू. 20 लिटरच्या एका बादलीत 6 ग्रॅम चुनखडी झाली. रोज दहा बादल्या वापरणाऱ्या घरातून वर्षाला सुमारे 22 किलो चुनखडी वाहून जाते. बहुतेक मोरीतून जाते हे आपले नशीब. पण त्यातली मूठभर जरी भिंतीवर आणि जाळीवर राहिली, तरी दिवाळीच्या आधी एका माणसाची दुपार गेली म्हणून समजावे.

चुन्याचा दुसरा साथी साबण. शिकेकाई आणि रिठा यांचा फेस निराळ्या जातीचा, चुन्याशी त्याचे भांडण नाही. साबणाचे आहे. 1888 च्या सुमारास विलायती साबण आपल्या बंदरांत उतरू लागला, आणि 1919 साली गोदरेजने जनावराच्या चरबीवाचून, वनस्पती तेलांचा साबण काढल्यावर तो सोवळ्या घरांतही शिरला. कठीण पाण्यात साबण आधी चुन्याशी सलगी करतो आणि दोघांचा राखाडी, चिकट साका टाइलवर बसतो. हा साका नुसत्या आंबटाने पुरता जात नाही आणि नुसत्या साबणाने तर वाढतोच. त्याला आधी कोमट पाण्यात कपडे धुण्याची पावडर किंवा धुण्याचा सोडा कालवून चोळावे, स्वच्छ धुवावे, आणि मग आंबट लावावे. क्रम महत्त्वाचा. हल्ली खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस पाहण्याची एक हौस निघाली आहे. दिसायला ते फार कर्तबगार दिसते. पण क्षार आणि आंबट एकमेकांना मारून टाकतात आणि मागे उरते ते बहुतांशी खारे पाणी. आमच्या आज्यांनी राख आणि चिंच कधी एका वाडग्यात कालवली नाही.

आता जे सांगावयाचे आहे ते सणाच्या दिवसांत सांगणे जिवावर येते, पण याच दिवसांत ते अधिक लागते. घाई असते, पाहुणे यायचे असतात, आणि कोणीतरी दुकानातून ॲसिडची बाटली आणतो. पुष्कळ घरांत फरशी शहाबादी, कोटा किंवा कडप्पा असते. हे तिन्ही दगड चुनखडीचेच. ॲसिडला वर बसलेला थर आणि खालची फरशी यांतला भेद कळत नाही. ते दोन्ही खाते. पहिल्या दिवशी फरशी पांढरी दिसते, वर्षभरात ती खडबडीत होते, आणि खडबडीत फरशीवर मळ दुप्पट धरतो. जुन्या काळ्या शिळेचे आंबटाने काही बिघडत नसे; हे सुख नव्या फरशीला नाही.

याहून भयंकर गोष्ट म्हणजे ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकणे, किंवा एका बाटलीने निघाले नाही म्हणून दुसरी ओतणे. ग्रामपंचायत विहिरीत जी टीसीएल पावडर टाकते ती हीच, आणि बाजारातल्या कित्येक पांढरे करणाऱ्या द्रावणांतही तेच द्रव्य असते. ॲसिड पडले की त्यातून क्लोरिन वायू सुटतो. स्वीडनच्या शेलने 1774 साली हा वायू प्रथम पकडला, आणि 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर तो सैनिकांवर सोडला गेला. रणांगणाला निदान चारी दिशा मोकळ्या होत्या. न्हाणीघर चार हात लांब, दार लोटलेले, झरोका एक. डोळे चुरचुरले, खोकला आला, की 'थोडेच राहिले आहे' असे म्हणू नये. सगळे तिथेच टाकून बाहेर यावे, दार उघडे सोडावे आणि छातीत कोंडल्यासारखे वाटले तर दवाखाना गाठावा. ॲसिडची उघडी विक्री आवरण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली दिले ते ॲसिड-हल्ल्यांच्या खटल्यात. हल्ला करणाऱ्याच्या हातात ते जसे भाजते, तसेच घासणारीच्या हातातही भाजते, आणि तिच्यासाठी कोणी खटला चालवत नाही.

वास्तविक शॉवर साफ करण्याला एवढ्या शस्त्रांची गरजच नाही. जाळी सुटत असेल तर सोडवून घ्यावी. न सुटेल तर प्लास्टिकच्या पिशवीत व्हिनेगर किंवा पाण्यात विरघळवलेले लिंबूसत्त्व भरून ती पिशवी जाळीवर दोऱ्याने बांधावी. चकचकीत मुलामा असेल तर अर्धा-पाऊण तास पुरे, रात्रभर ठेवल्यास मुलामा जाण्याची भीती. मग जुन्या दातांच्या ब्रशाने घासावी, बुजलेली भोके सुईने मोकळी करावी, आणि पाणी जोरात सोडून आतला भुगा काढून टाकावा. भिंतींसाठी सर्वांत स्वस्त औषध म्हणजे न्हाऊन झाल्यावर, शेवटच्याने, भिंत कोरड्या फडक्याने पुसणे. थेंब वाळलाच नाही तर चुना बसायचा कुठे? हा दोन मिनिटांचा नेम घरातल्या पुरुषमंडळींनीही पाळण्यास शास्त्राचा काही विरोध नाही.

शॉवरची स्वच्छता नुसत्या शोभेची बाब नाही, हे जगाला कळले त्याला फार वर्षे झाली नाहीत. 1976 च्या जुलैत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचे संमेलन भरले होते. परतल्यावर त्यांच्यातले 29 जण एका अनोळखी न्यूमोनियाने दगावले. पुढच्या वर्षाच्या आरंभी त्याचा जंतू सापडला, आणि सैनिकांच्या संघटनेवरून त्याचे नाव लिजिओनेला पडले. त्या वेळी संशय गेला तो इमारत गार ठेवणाऱ्या यंत्रणेवर. पण हा जंतू कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो, चुन्याच्या थरात आसरा घेतो, आणि बारीक तुषारांतून श्वासात जातो, हे कळल्यावर शॉवरकडेही लोक निराळ्या नजरेने पाहू लागले. धडधाकट माणसाला एवढे भय नाही. म्हाताऱ्यांना आणि छातीच्या दुखणाईतांना आहे.

आमच्या भागातली कितीतरी माणसे पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईला असतात. गावातले घर वर्षाचे दहा महिने कुलूपबंद, आणि दिवाळीला किंवा यात्रेला उघडायचे. टाकीतले पाणी तेच, नळातले तेच. अशा घरी आल्याबरोबर प्रवासाचा शीण घालवायला थेट शॉवरखाली उभे राहू नये. आधी टाकी उपसून धुवावी. जाळी काढून आंबटात टाकावी. मग खिडकी उघडून, आपण बाहेर थांबून, पाणी चांगले पाच मिनिटे वाहू द्यावे, गीझर असेल तर कढत. पहिल्या दिवशी आजीला तरी पाटावर बसवून तांब्यानेच न्हाऊ घालावे.

तांब्याची घंगाळी आता पुष्कळ घरांत न्हाणीतून उठून दिवाणखान्यात आली आहेत. त्यांत फुले तरंगत असतात. तरी दिवाळीच्या आदल्या दिवशी ती खाली उतरतात, आणि चिंचेचा गोळा भिजत पडतो. या दिवसांत घरात असते ती चिंच गेल्या चैत्राच्या सुमाराला फोडून मीठ लावून ठेवलेली, बरणीच्या तळाशी गेलेली, काळी पडलेली. आमटीला ती कोणी फारशी घेत नाही. घंगाळ घासून झाल्यावर तिचा जो चोथा उरतो, त्यात थोडे कढत पाणी घालून शॉवरची जाळी पालथी बुडवून ठेवावी, आणि चकलीचा घाणा उतरेपर्यंत तिच्याकडे पाहू नये.